हात न देणारी सून

मुंबईत लालबागच्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर आक्कांची खानावळ होती. गिरण्या जोरात चालत होत्या तेव्हाची गोष्ट. घाटावरून आणि कोकणातून आलेले कामगार बायकापोरं गावी ठेवून इथं एकेका खोलीत दहा-पंधरा जण राहायचे, पाळीप्रमाणे आळीपाळीनं झोपायचे आणि जेवायला खानावळ धरायचे. आक्कांकडे पंचवीस-तीस जेवणकरी असत. पहिल्या पाळीचा भोंगा व्हायच्या आत त्यांचा स्टोव्ह पेटलेला असायचा. पाणी खालच्या नळावरून आणायचं. डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी आणि दोन जिने. दळण आणायचं, बाजार आणायचा. भाकऱ्या थापायला जमिनीवर बसायचं, वाढायला उठायचं, पुन्हा बसायचं. पायांसाठी म्हणून आक्कांनी कधी वेगळं काही केलं नाही. तशी गरजच नव्हती. दिवसभराचा सगळा कारभार पायांच्या जोरावरच चाललेला होता.

१९७५ साली प्रेमा पुरव यांनी गिरणगावातल्या अशा खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. सावकाराच्या व्याजातून सुटून स्वतःच्या नावावर बँकेचं कर्ज घेणाऱ्या बायकांत आक्काही होत्या. मग १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले आणि त्यांतले कितीतरी गावी गेले ते परतलेच नाहीत. आक्कांच्या हाती उधारीची वही तेवढी उरली. पण त्यांनी हाय खाल्ली नाही. लग्नकार्याच्या ऑर्डरी घेतल्या, उन्हाळ्यात मसाले केले, दिवाळीत फराळ विकला आणि एकुलत्या एका मुलाला शिकवून मार्गी लावलं.

पुढे चाळ पाडून तिथं टॉवर उभा राहिला आणि वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी आक्का चौदाव्या मजल्यावर राहायला गेल्या. घरात नळ, घरातच संडास, तोही कमोडचा. उभ्यानं स्वयंपाक करायचा ओटा. खाली जायला लिफ्ट. आणि बैठकीच्या खोलीत मुलानं हौसेनं आणलेला सोफा, बसलं की कमरेपर्यंत आत जाणारा.

“आई, तू आयुष्यभर उभी राहिलीस. आता फक्त बसायचं,” मुलगा म्हणाला.

सूनही तशीच मायेची. पोस्टात नोकरीला, पण सासूचं सगळं जागच्या जागी होईल याची तिनं व्यवस्था लावून दिली होती. सकाळचा चहा हातात, औषधाची डबी हातात, पाण्याचा तांब्या हाताशी, टीव्हीचा रिमोट उशाशी. आक्का सोफ्यावरून उठायला लागल्या की घरात जो असेल तो धावायचा. एक हात मुलगा धरायचा, एक हात नातू. आक्का ओट्याशी गेल्या की सून म्हणायची, “आई, तुम्ही कशाला आलात? बसा बघू.” शेजारणी कौतुक करायच्या. सून असावी तर अशी, म्हणायच्या. आणि खरंच, त्या घरात म्हाताऱ्या माणसाचा मान राखण्यात काही कसूर नव्हती.

दोन वर्षांत आक्का सोफ्यावरून आपल्या आपण उठेनाशा झाल्या.

आधी बाजार सुटला. लालबागच्या पुलाखालचा रस्ता ओलांडताना निम्म्यात सिग्नल पडायचा आणि गाड्यांचे हॉर्न सुरू व्हायचे, म्हणून त्यांनी जाणंच सोडलं. मग इमारतीतल्या गणपतीची आरती सुटली, कारण तिथं तासभर उभं राहायचं. मग घरातल्या घरात भिंत धरून चालणं आलं. एका पहाटे मोरीतल्या ओल्या फरशीवर पाय सरकला. नळ हाताला लागला म्हणून वाचल्या, पण त्या दिवसापासून मनात भीती बसली. भीतीमुळे चालणं आणखी कमी झालं, चालणं कमी झाल्यामुळे पाय आणखी थकले. मुलानं रात्री मोबाईलवर व्हीलचेअरच्या किमती पाहायला सुरुवात केली.

आक्कांच्या पायांना झालं तरी काय होतं? हाड मोडलं नव्हतं, लकवा मारला नव्हता. वयानुसार गुडघे झिजले होते, पण तेवढे तर त्यांच्या वयाच्या बहुतेकींचे झिजलेले असतात. गेले होते ते स्नायू. माणूस खुर्चीतून उठतो, जिना चढतो, ठेच लागली तरी सावरतो, ते मांडीच्या पुढच्या जाड स्नायूच्या, कुल्ल्यांच्या आणि पोटऱ्यांच्या बळावर. तिशी-चाळिशीनंतर हे स्नायू हळूहळू घटू लागतात आणि साठीनंतर घट वाढते. त्यात काम मिळालं नाही तर शरीर न लागणारा स्नायू पोसत बसत नाही. अमेरिकेत २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. धडधाकट म्हाताऱ्या माणसांना फक्त दहा दिवस अंथरुणावर झोपवून ठेवलं, तर त्यांच्या पायांतलं जवळजवळ एक किलो मांस उतरलं. आक्का अंथरुणाला खिळलेल्या नव्हत्या, पण त्यांच्या पायांना काम उरलं नव्हतं, आणि ते दहा दिवस नव्हे, दोन वर्षं.

शेवटी मुलगा आणि सून त्यांना घेऊन परळच्या केईएम रुग्णालयात गेले. डॉक्टरांनी तपासलं, रक्त पाहिलं, गुडघ्यांचे फोटो काढले आणि फिजिओथेरपी विभागात पाठवलं. फिजिओथेरपी शिकवणारी देशातली पहिली शाळा १९५०च्या दशकात याच आवारात, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं सुरू झाली होती. तिथं एक तरुण फिजिओथेरपिस्ट मुलगी होती. तिनं आक्कांना एका साध्या, टणक बैठकीच्या खुर्चीवर बसवलं.

“आजी, दोन्ही हात छातीशी आडवे धरा. आता हातांचा आधार न घेता उभ्या राहा, परत बसा. अर्ध्या मिनिटात जितक्या वेळा जमेल तितक्या वेळा.”

आक्कांनी जोर केला. अंग पुढे गेलं, बूड खुर्चीवरून दोन बोटं उचललं गेलं आणि पुन्हा टेकलं. दुसऱ्यांदा जोर केला. नकळत हात छातीवरून सुटून खुर्चीच्या दांडीकडे गेला. त्याच क्षणी उजवीकडून मुलगा आणि डावीकडून सून पुढे झाली आणि दोघांनी त्यांना अलगद उभं केलं.

फिजिओनं कागदावर शून्य लिहिलं. “या वयाच्या बाईला दहा वेळा तरी उठता यायला हवं. त्याहून कमी झालं तर पडण्याचा धोका धरतात. आणि हात लावावा लागला तर शून्यच धरायचं.” मग तिनं मुलाकडे पाहिलं. “घरी यांना उठवतं कोण?”

“आम्ही कोणीतरी असतोच की,” मुलगा अभिमानानं म्हणाला. “एकदाही एकटं उठू देत नाही.”

“मग त्यांच्या पायांना काय काम उरतं?”

यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाहून फिजिओही जरा नरमली. “ताई, तुम्ही चुकीचं काही केलं नाही, प्रेमानंच केलं. पण तुम्ही दिवसातून वीस वेळा उचलता, म्हणजे वीस वेळा त्यांच्या मांड्यांचं काम तुम्ही करता. ते काम त्यांना परत द्या.”

मुलाला पटेना. “या वयात? शहात्तर वर्षांच्या माणसाला आता कुठलं बळ येणार?”

तेव्हा तिनं बॉस्टनची गोष्ट सांगितली. १९९० साली तिथल्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या आसपासचे दहा अशक्त स्त्री-पुरुष निवडले आणि त्यांना आठ आठवडे मांड्यांचा वजनाचा व्यायाम दिला. ज्यांनी तो पुरा केला त्यांच्या मांड्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांची काठी सुटली. हाताशिवाय खुर्चीतून उठू न शकणाऱ्या तिघांपैकी एक जण उठू लागला. “आजी त्यांच्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान आहेत,” ती म्हणाली.

मग तिनं व्यायाम शिकवले. ते इतके साधे होते की मुलाला वाटलं, यासाठी एवढं इथवर यायचं होतं का.

पहिला, खुर्चीतून उठण्याचा. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची म्हणजे मागे सरकत नाही. बैठकीवर घडी घालून जाडजूड काहीतरी ठेवायचं, म्हणजे उंची वाढते आणि उठणं सोपं होतं. पुढे सरकून बसायचं, पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यायची, अंग पुढे झुकवून नाक पावलांच्या वर आणायचं आणि जमिनीला रेटा देऊन उठायचं. बसताना मनात एक-दोन-तीन म्हणत सावकाश टेकायचं. धपकन बसलं तर निम्मा व्यायाम वाया गेला.

दुसरा, ओट्याला धरून टाचा उचलण्याचा, पोटऱ्यांसाठी. तिसरा, खुर्चीत बसून एक पाय गुडघ्यात सरळ करून पाच अंक मोजेपर्यंत तसाच धरण्याचा. पुढे सोपं वाटायला लागलं की घोट्याला अर्धा किलो वाळूची कापडी पिशवी बांधायची. चौथा, ओटा धरून सरळ उभं राहून पाय बाजूला उचलण्याचा. कुल्ल्याच्या बाजूचे स्नायू यानं बळकट होतात आणि चालताना माणूस डुलत नाही. पाचवा तोलाचा, भिंतीशेजारून एका पावलाच्या बोटांना दुसऱ्याची टाच लावत चालायचं. प्रत्येक व्यायाम आठ-दहा वेळा, थोडं थांबून पुन्हा तितकाच. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून, आणि मधल्या दिवशी घरातल्या घरात किंवा जिन्याच्या मोकळ्या जागेत चालणं. श्वास रोखायचा नाही. मांड्या भरून आल्या, दुसऱ्या दिवशी दुखल्या तर घाबरायचं नाही. पण सांध्यात कळ आली, छातीत दुखलं, चक्कर आली, धाप लागली तर तिथंच थांबायचं आणि डॉक्टरांना सांगायचं.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनातही पासष्टीच्या पुढच्या माणसांनी ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम आठवड्यातून निदान तीन दिवस करावेत असंच म्हटलं आहे. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात अशाच घरगुती व्यायामांचा एक क्रम बसवला गेला आणि तो नेमानं करणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचं पडणं सुमारे ३५ टक्क्यांनी घटल्याचं आढळलं. नुसतं चालून हे साधत नाही, कारण सपाट फरशीवर चालायला मांडीला फारसा जोर लागत नाही.

निघताना फिजिओनं विचारलं, “आजी, जेवता काय?”

“चहा-चपाती. भूक कुठं असते?”

आयुष्यभर तीस माणसांना जेवू घालणारी बाई स्वतः चहा-चपातीवर आली होती. स्नायू बांधायला प्रथिनं लागतात, म्हणून रोज दोन्ही वेळा घट्ट डाळ किंवा उसळ, दूध-दही, आणि चालत असेल तर अंडं नाहीतर मासा खायला तिनं सांगितलं. मूत्रपिंडाचा काही त्रास नाही ना, हे डॉक्टरांच्या कागदांवरून आधी पाहून घेतलं.

शेवटचं सांगणं सुनेला होतं. “मोरीत धरायला दांडी बसवा, फरशी कोरडी ठेवा, रात्री दिवा लावून ठेवा. पडण्यापासून वाचवणारा आधार कधी काढायचा नाही. पण त्या उठत असतील तेव्हा बाजूला उभ्या राहा आणि हात देऊ नका.”

घरी आल्यावर आक्कांनी आपली जुनी वाकळ काढली. साताऱ्याकडच्या आईनं जुन्या लुगड्यांची शिवलेली, जाड, जड. चार घड्या घालून ती टणक खुर्चीवर ठेवली आणि खुर्ची भिंतीला लावली.

पहिले दिवस वाईट गेले. आक्का दोनदा उठत, तिसऱ्या वेळी मध्येच अडकत, घामाघूम होत. मांड्या ठणकायच्या. “आयुष्यभर उभी राहिले, आता तरी बसू दे गं,” त्या म्हणायच्या. आणि समोर उभी असलेली सून आपले दोन्ही हात पाठीमागे घेऊन एका हातानं दुसऱ्याचं मनगट घट्ट धरून ठेवायची. सासू अर्धवट उठून लटपटली की तिची बोटं मनगटात रुतायची, पाऊल पुढे पडायचं, आणि ती स्वतःला आवरायची. आक्का पुन्हा टेकायच्या. “परत, आई. घाई नाही,” ती म्हणायची. त्या घरात सर्वांत अवघड व्यायाम तीच करत होती.

तीन आठवडे झाले तरी फरक दिसेना. मुलगा म्हणाला, “उगाच छळ चाललाय.” फिजिओला फोन केला तर ती म्हणाली, चालू ठेवा. पहिल्या काही आठवड्यांत स्नायू वाढत नाहीत, पण मेंदूकडून स्नायूंना जाणारा हुकूम आधी सुधारतो. आहेत ते तंतू आधी कामाला लागतात. मांस भरायला दीड-दोन महिने जातात.

त्याच सुमारास आक्कांची नणंद कोरेगावहून राहायला आली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं जे पाहिलं त्यानं तिचं पित्त खवळलं. म्हातारी वहिनी खुर्चीतून उठायची धडपड करतेय, तोंड लाल झालंय, आणि सून हात पाठीशी बांधून नुसती बघत उभी आहे.

“वहिनी, हे काय चाललंय? हात द्यायला हिचे हात झिजतात काय? या वयात तुला कवायत करायला लावते! गावात सांगितलं तर लोक तोंडात शेण घालतील.”

सून काही न बोलता आत गेली. ओट्याशी उभी राहून पदरानं डोळे पुसू लागली. लोक म्हणतील ते खरंच असेल का, असंही तिच्या मनात येऊन गेलं. आक्कांना ते बसल्या जागेवरून दिसलं. त्यांनी पावलं मागे घेतली, अंग झुकवलं आणि एका दमात उभ्या राहिल्या. कुणीही हात लावला नव्हता.

“वन्सं, खानावळीत माझ्याकडं पोरी यायच्या हाताखाली,” आक्का उभ्या उभ्याच म्हणाल्या. “पहिल्या दिवशी तव्यावर टाकताना भाकरी फाटायची. बाहेर तीस माणसं पाळीला जायला खोळंबलेली. तिच्या हातातली काढून मी थापली असती तर जेवण वेळेत झालं असतं, पण त्या पोरीला जन्मात भाकरी आली नसती. मी तोंड गप्प ठेवून बघत उभी राहायची. माझा जीव काय कमी तुटायचा? ही तेच करतीय. नुसतं बघत उभं राहायला किती सोसावं लागतं, ते मला ठाऊक आहे. तिला बोल लावू नका.”

त्या दिवसापासून घरात कुणी “छळ” हा शब्द काढला नाही, आणि आक्कांनीही “बसू दे” म्हणणं सोडलं. व्यायामाचे दिवस त्या स्वतः लक्षात ठेवू लागल्या.

सहाव्या आठवड्यात वाकळेची एक घडी उलगडली. खुर्ची तितकी खाली आली तरी त्या उठल्या. पुढे दुसरी घडी गेली, मग तिसरी. चौथी गेली तेव्हा वाकळ धुऊन पुन्हा अंथरुणावर गेली आणि आक्का लाकडी खुर्चीवरून सरळ उठू लागल्या. केईएमला पुन्हा तीच चाचणी झाली. अर्ध्या मिनिटात सात वेळा. आणखी दोन महिन्यांनी अकरा. घोट्याला वाळूची पिशवी आली. सोफा हॉलमध्ये तसाच राहिला, पाहुण्यांसाठी. सकाळचा चहा आता सून हातात नेऊन देईना. “आई, चहा ओट्यावर ठेवलाय,” म्हणायची. आक्का उठून घ्यायच्या. शेंगा निवडणं, कोथिंबीर, डब्यांची झाकणं पुसणं, देवघरातली फुलं, अशी उठबस असलेली कामं त्यांनी मागून घेतली.

लालबागमध्येच, अजून न पाडलेल्या एका जुन्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर देवरूखची मावशी राहायची. तीही एके काळची खानावळवाली, आक्कांहून दोन वर्षांनी थोरली. आक्कांचं बाहेर पडणं थांबल्यापासून तीच लिफ्टनं चौदाव्या मजल्यावर येऊन भेटून जायची. एका सकाळी आक्का म्हणाल्या, आज मी तिच्याकडे जाते.

पुलाखालचा रस्ता त्यांनी हिरवा दिवा असतानाच पार केला. चाळीचा लाकडी जिना समोर आला. फिजिओनं शिकवल्याप्रमाणे बऱ्या पायानं वर चढायचं आणि उतरताना दुखरा पाय आधी खाली टाकायचा. एक हात कठड्यावर. सून एक पायरी खाली, मागोमाग, हात मोकळे ठेवून, पण सासूच्या अंगाला न लावता. पहिल्या मजल्याच्या वळणावर आक्का थांबल्या, श्वास पुरा केला आणि पुढचा जिना चढून मावशीच्या दारात उभ्या राहिल्या.

मावशीनं आधी कपाळावर हात मारला, मग हसत सुटली. चहा झाला, जुन्या जेवणकऱ्यांची नावं निघाली. बोलता बोलता आक्कांनी विचारलं, “तुझं वय माझ्यापेक्षा जास्त, गुडघे तुझेही दुखतात. मग तू कशी राहिलीस गं?”

“मी काय राहते? हा जिना मला बसू देत नाही,” मावशी म्हणाली. “दूध खाली, भाजी खाली, दळण खाली. दिवसातून तीनदा उतरावंच लागतं. शिव्या घालत उतरते.”

जिन्याचं कौतुक म्हणून हे घेऊ नये. तो जिना अंधारा आहे, पायऱ्या झिजलेल्या आहेत, आणि मावशीलाही उद्या लिफ्ट मिळाली तर ती हवीच. डोक्यावर हंडा घेऊन दोन जिने चढण्याच्या दिवसांत कुणी परत जाऊ नये. पण सोय आली की कष्टांबरोबर पायांचा खुराकही जातो, हे मात्र ध्यानात ठेवावं लागतं. मावशीच्या पायांना जे काम जिना सक्तीनं देत होता, ते आक्कांच्या पायांना आता खुर्ची, ओटा आणि एक समजूतदार सून देत होती. गिरणगावात चाळीमागून चाळी पडताहेत, टॉवर उठताहेत, आणि आयुष्यभर राबलेली माणसं पहिल्यांदाच आरामात बसताहेत. त्यांच्या मुलांना आई-वडिलांच्या कष्टांची जाण आहे, म्हणूनच ती म्हणतात, तुम्ही आता बसा. आक्कांच्या मुलाच्या मनातही हेच होतं. आईनं आपल्यासाठी वाहिलेले हंडे त्याला आठवत होते आणि ते ऋण तो तिला बसवून फेडू पाहत होता.

व्हीलचेअर आली नाही. मुलगा आता रविवारी आईबरोबर बाजारात जातो. ती पुढे चालते, पिशवी तो घेतो. व्यायाम मात्र अजून चालू आहे, आठवड्यातून तीन दिवस. जेवण जसं एकदा जेवून संपत नाही, तसं हेही संपत नाही, हे खानावळवाल्या बाईला वेगळं सांगावं लागलं नाही. बंद केलं की कमावलेलं बळ काही आठवड्यांतच उतरणीला लागतं.

तात्पर्य एवढंच की म्हाताऱ्या माणसाचा मान त्याला बसवून ठेवण्यात नाही, त्याच्या अंगात असलेलं बळ त्याच्यापाशी राहू देण्यात आहे. आपल्या घरातल्या आजी-आजोबांना आज एकदा टणक खुर्चीवर बसवून पाहावं, हात न लावता उठता येतं का. हृदयविकार असेल, नुकतं ऑपरेशन झालं असेल, हाड मोडलेलं असेल किंवा चक्कर येत असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. नाहीतर खुर्ची भिंतीला लावावी, बैठकीवर एखादी वाकळ घडी करून ठेवावी आणि उद्या सकाळी सुरुवात करावी. जवळ उभं राहावं, लक्ष ठेवावं आणि आपले हात आवरावेत. पडणाऱ्याला हात द्यावा, उठणाऱ्याला वेळ द्यावा.